शेऱ्याची ओळ

नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर, खाली चकल्यांचं दुकान,
वर माझी पेटी : पाच फूट बाय पाच,
भिंतींना करडा फोम, दाराला फ्रिजसारखं रबर.
दार लागलं की ठाणं संपतं.
आत उरतो माणूस आणि त्याच्या पोटातली गुरगुर.

आज अकराला हिराजी वैती, कोलशेत, वय अडुसष्ट.
तक्रार सुनेची :
"एकट्याशी बोललं तर सगळं ऐकतात,
चार माणसं जमली की भिंत होतात."

शिट्ट्या सगळ्या ओळखल्या.
आलेख असा, की पन्नाशीतल्याने मिरवावा.
मग मी सुनेला सांगितलं, जे रोज कुणाला ना कुणाला सांगते :
कानाला पापणी नसते. सगळं आत येतं,
कुकर, बातम्या, रिव्हर्स घेणारा टेम्पो, तुमची हाक.
आत कुणीतरी बसून म्हणत असतं,
तू ये. तू थांब. तू मागून ये.
त्याला लक्ष म्हणतात.
त्याला पगार नाही, रजाही नाही.
थकलं तर थकलं, तुम्हाला कळवत नाही.
सून म्हणाली, "यावर गोळी असते का?"

हिराजी वागळे इस्टेटला होते, पत्रा दाबायच्या कारखान्यात,
एकतीस वर्षं, बावीस प्रेस.
"कुठली बिघडणार, मला आदल्या दिवशी कळायचं."
मोठ्याने वाजायची का?
"नाय गो बाय. मोठ्यानं सगळ्याच वाजायच्या.
ती जरा उशिरा यायची."

मग जोडशब्द.
उजव्या कानात चमचा, डाव्यात पडदा, एकाच क्षणी.
उजवा सांगा, म्हटलं. भराभर सांगितले.
आता डावा.
भरली होडी खाडीत वळवावी तसे ते वळले,
वळेपर्यंत तीन शब्द निघून गेले,
चौथ्याची नुसती शेपटी हातात आली.
वळायला सगळ्यांनाच वेळ लागतो.
पण आपण तरुणपणी तो वेळ
खिशातली चिल्लर खर्चावी तसा, न मोजता खर्चतो.

पंधराव्या जोडीला त्यांनी हेडफोन काढला.
"ह्या शब्दवाल्या बाईला त्या दिवशी काय झालेलं?"
कुठल्या बाईला?
"ती पडदा म्हणते ना, तिथं 'ड'वर थांबते. एवढुशी.
सर्दी नाय ती."

मी फॉर्मकडे बघितलं.
फॉर्मवर उजवा, डावा, दोन्ही मिळून, टक्के.

आवाज माझा आहे.
नऊ वर्षांपूर्वी, पाचपाखाडीतला एक भाड्याचा स्टुडिओ,
पन्नास जोड्या, तासाचे सहाशे रुपये.
सकाळी कोर्ट नाक्यावर सही करून थेट तिथे गेले होते,
कारण तारीख आधीच घेतलेली.
तेव्हापासून हजारेक कानांत मी पडदा म्हणालेय.
यंत्रवाल्यांनी पातळी तपासली, सरांनी उच्चार तपासले,
पेशंटनी तो शब्द बरोबर सांगितला किंवा चुकीचा सांगितला.
मीसुद्धा रोज ऐकते. शब्द ऐकते.

"पुढचे घेऊया," मी म्हटलं.
त्यांनी निमूट हेडफोन चढवला.
डावा कान : पंचविसात नऊ.
शेऱ्यात लिहिलं : गर्दीत संवादास अडचण.
समोर बसून, एका वेळी एकाने बोलावे.
जेवताना टीव्ही बंद.
एवढ्यात ओळ भरली.

जाताना सुनेने दोनदा हाक मारली, "पप्पा, चप्पल."
ते जिन्यात थबकून खालचा मिक्सर ऐकत होते.
"ह्याचं बेरिंग गेलंय," कुणालाच म्हणाले.

सगळे गेल्यावर मी पेटीत बसले,
उजवा कान बंद करून फक्त डावा लावला.
पडदा.
पडदा.
काही नाही. एक शब्द, स्वच्छ, चाचणीला योग्य.
पुन्हा लावला.
सातव्यांदा बटण दाबणार,
इतक्यात चकलीवाल्याने शटर ओढलं
आणि ते थेट माझ्या मांडीवर पडलं.
दार लावायचं राहिलं होतं.